गावच्या केबलवर व्हिडिओ गेमचा इतिहास

मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या छोट्या गावाच्या केबलवर तीन चॅनेल गावासाठी राखून ठेवलेले आहेत. एकावर शाळेचे कार्यक्रम आणि मुलांचे सामने लागतात. दुसऱ्यावर सिलेक्ट बोर्डाच्या, म्हणजे गावचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या बैठका. तिसऱ्यावर गावात राहणाऱ्या कुणालाही आपला कार्यक्रम दाखवता येतो. त्याला इथे पब्लिक ॲक्सेस म्हणतात. केबल कंपनीला गावात तारा टाकायच्या असतील तर गावाचा परवाना लागतो, आणि परवाना देताना गाव चॅनेल, स्टुडिओची सोय आणि केबलच्या उत्पन्नातला हिस्सा मागून घेतं. १९८४च्या केंद्रीय कायद्याने या हिश्शाला ५ टक्क्यांची मर्यादा घातली. अश्लीलता वगैरे सोडली तर या चॅनेलवर काय दाखवायचं यात कंपनीने ढवळाढवळ करायची नाही, हेही त्याच कायद्याने ठरवून टाकलं.

या तिसऱ्या चॅनेलवर मी व्हिडिओ गेमच्या इतिहासाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम करते. सगळ्या जगाच्या इतिहासाचा नव्हे, फक्त न्यू इंग्लंडचा. तेवढाच माझ्या आवाक्यातला आहे आणि तेवढाही संपता संपत नाही.

मी इचलकरंजीची. नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीला मामाकडे गेलं की मामेभावांच्या टीव्ही गेमवर आम्ही सगळी भावंडं तुटून पडायचो. काँट्रा, मारिओ, रणगाड्यांचा खेळ. कॅसेट चालेना की काढायची, फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. त्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं लिहिलेलं असायचं. खेळ कुणी बनवला, कुठे बनवला याचा कुठेही मागमूस नसायचा. खेळ कुणीतरी बनवावा लागतो हेच मुळी आमच्या डोक्यात आलं नव्हतं. नोकरीच्या निमित्ताने बॉस्टनच्या पश्चिमेला राहायला आले आणि हळूहळू कळत गेलं, की त्या खेळांचं मूळ मी रोज गाडीने जाते त्या रस्त्यांच्या आसपास आहे.

केंब्रिजला एमआयटीमध्ये १९६२ साली स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' हा खेळ लिहून पुरा केला. दोन यानं एकमेकांवर मारा करतात, आणि मधोमध एक तारा दोघांना स्वतःकडे खेचत असतो. त्या गुरुत्वाकर्षणाचं गणित डॅन एडवर्ड्सने बसवलं. पीटर सॅमसनने मागचं आकाश खऱ्या तारकांच्या नकाशाबरहुकूम भरलं. ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी कॉलेजच्या रेल्वे मॉडेल क्लबातल्या सुट्या सामानातून हातात धरायचे कंट्रोल जुळवले. हे सगळं ज्या पीडीपी-१ संगणकावर चाललं, तो बनला मेनार्डला. मेनार्डमध्ये लोकरीची एक भलीमोठी गिरणी होती. ती १९५० साली बंद पडली, आणि १९५७ साली तिचा एक कोपरा भाड्याने घेऊन डिजिटल इक्विपमेंट ही कंपनी सुरू झाली. माग, भोंगा आणि गिरण्यांच्या गप्पा यांत वाढलेल्या माणसाला या गोष्टीने जे होतं ते मला झालं. मी त्या गिरणीच्या आवारात जाऊन नुसती उभी राहिले. घड्याळाचा मनोरा अजून आहे.

तिथून थोड्याच अंतरावर वेलँड. एमआयटीत शिकणाऱ्या डग मॅक्रे आणि केव्हिन करन यांची जनरल कॉम्प्युटर ही कंपनी तिथे होती. दुसऱ्यांच्या आर्केड खेळांना जोडायचे सुधारित बोर्ड ते विकत. अटारी कंपनीच्या 'मिसाइल कमांड'साठी त्यांनी असा बोर्ड काढला तेव्हा अटारीने त्यांना कोर्टात खेचलं. दावा मिटला, आणि त्याच अटारीसाठी ते खेळ बनवायला लागले. पॅकमॅनवर त्यांनी 'क्रेझी ऑटो' नावाचा जो बोर्ड तयार केला होता, त्याचीच शिकागोच्या मिडवे कंपनीने १९८२ साली 'मिस पॅकमॅन' करून टाकली. केंब्रिजलाच इन्फोकॉम ही कंपनी होती, जिने 'झॉर्क' हा खेळ घरोघरी पोचवला. उत्तरेला न्यू हॅम्पशरमध्ये नॅशुआ, तिथे राल्फ बेअर. त्याच्याकडे मी पुढे येते. आणखी वर लॅकोनियाला फनस्पॉट, जिथे जुन्या आर्केड यंत्रांचं संग्रहालय आहे आणि आजही ती खेळता येतात.

इंटरनेटवर या विषयाचे चिकार व्हिडिओ आहेत आणि त्यांतले काही फार उत्तम आहेत. पण ज्यांनी स्वतःच्या हातांनी हे काम केलं, ती माणसं मला बोलती करायची होती. प्रसिद्ध नावांच्या मुलाखती होऊन गेल्या आहेत. मला हवे होते जोडणी करणारे, तपासणी करणारे, हिशेब ठेवणारे, गोदाम सांभाळणारे. ती माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत आणि याच गावांत राहतात. त्यांना कुणी कधी विचारलेलं नाही, म्हणून आपल्याकडे सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतही नाही. संध्याकाळी लवकर जेवून ही मंडळी गावच्या चॅनेलवर रस्तेदुरुस्तीची बैठक बघत बसतात. त्यांना गाठायचं तर तिथेच गाठायला हवं, हे माझ्या मनाने घेतलं.

पहिल्यांदा मी एका मोठ्या सार्वजनिक टीव्ही केंद्राकडे गेले. तिथल्या बाईंनी आस्थेने ऐकून घेतलं आणि अटी सांगितल्या. कार्यक्रमाचा खर्च उचलणारा प्रायोजक मी आणायचा. प्रत्येक चित्राची, आवाजाच्या प्रत्येक तुकड्याची परवानगी कागदावर हवी. आणि चुकून कुणाचा हक्क मोडला गेला तर भरपाईसाठी वेगळा विमा. मोठ्या केंद्रांना दाव्यांचा धोका असतो, त्यामुळे हे गैर होतं असं मी म्हणणार नाही. पण नोकरी सांभाळून कार्यक्रम करणाऱ्या बाईला ते झेपणारं नव्हतं. 'विषय थोड्या लोकांचा आहे' असंही त्या म्हणाल्या, आणि ते मात्र मला पटलं नाही. जो उद्योग जगभरातल्या मुलांचं बालपण व्यापतो, त्याची सुरुवात आपल्या शेजारच्या गावात झाली, हा विषय थोड्यांचा कसा?

मग गावचा ॲक्सेस स्टुडिओ. शाळेच्या जुन्या इमारतीच्या तळघरात तो आहे. आत शिरल्याबरोबर तापलेल्या दिव्यांचा आणि जुन्या गालिच्याचा वास येतो. तिथे कार्यक्रम करायचा तर आधी शिकावं लागतं: कॅमेरा, दिवे, आवाज, स्विचर, एडिटिंग. शिकून झालं की दुसऱ्यांच्या कार्यक्रमात राबायचं, मग ते आपल्या कार्यक्रमात राबतात. मी बागकामाच्या कार्यक्रमाला कॅमेरा धरला, चर्चच्या गायनाला आवाज सांभाळला. त्या बदल्यात बागकामवाले आजोबा माझे दिवे लावायला आले, आणि आजही येतात.

क्रू कमी पडत होता तेव्हा आमच्या मराठी मंडळातल्या एक काकू आल्या. माझ्या आईच्या वयाच्या. पुण्यात टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या, मुलाकडे इथे राहायला आलेल्या. "मला नुसतं बसवत नाही गं, काहीतरी दे हाताला," म्हणाल्या. त्यांना स्विचरवर बसवलं. तीन कॅमेऱ्यांची तीन चित्रं समोर, आणि कुठलं कधी घ्यायचं ते बटणावर. कानाला हेडफोन लावून त्या बसल्या आणि माझ्या लक्षात आलं, की यांना काही शिकवायचं उरलेलंच नाही. मी "काकू, दोनवर" म्हणायचा अवकाश, दोन आलेला असे. पुढे पुढे मी म्हणायच्या आधीच येऊ लागला. बोलणारा माणूस श्वास घेतो तिथे कॅमेरा बदलायचा, हे मला पुस्तकातून कळलं होतं. त्यांना ते कानाने कळत होतं.

ॲक्सेस चॅनेलचे नियम मला सुरुवातीला जाचक वाटले, आणि कार्यक्रम सुधारला तो त्यांच्यामुळेच. पहिला नियम, जाहिरात करायची नाही. वस्तूची किंमत सांगायची नाही, कुठे मिळते हे सांगायचं नाही, विकत घ्या असं सुचवायचं नाही. जुन्या व्हिडिओ गेमबद्दल बोलणाऱ्यांचं निम्मं बोलणं किमतीचं असतं: अमुक कॅसेट दुर्मीळ, तमुकाला इतके डॉलर आले. ते सगळं बादच झालं. एका संग्राहकाने मॅग्नाव्हॉक्सचा ओडिसी हा पहिला घरगुती व्हिडिओ गेम स्टुडिओत आणला. १९७२चा. किंमत बोलायची नाही म्हटल्यावर तो क्षणभर गप्प झाला, आणि मग त्याने दुसरंच दाखवायला घेतलं. या यंत्राला आवाज नाही. पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक रेघ, बाकी काही नाही. मैदान, नकाशा, चक्रव्यूह हे सगळं रंगीत पारदर्शक प्लॅस्टिकवर छापलेलं असायचं, आणि ते टीव्हीच्या काचेवर चिकटवायचं. काचेवरच्या स्थिर विजेने ते धरून राहतं. टीव्ही लहान-मोठे असत म्हणून दोन मापांची प्लॅस्टिकं दिलेली. त्याने ते हळूच काचेवर टेकवलं आणि तळव्याने मधून कडेकडे दाबत नेलं. काकूंनी दोन नंबर तिथेच धरून ठेवला. त्या भागातलं सगळ्यात चांगलं चित्रण तेच आहे.

दुसरा नियम वेळेचा. कार्यक्रम अठ्ठावीस मिनिटं तीस सेकंदांचा हवा, कारण सर्व्हरवर पुढचा कार्यक्रम लावलेला असतो. तिसरा आवाजाचा. जुन्या खेळांचा आवाज कर्कश असतो, तो प्रसारणाच्या ठरलेल्या पातळीवर आणायचा. खाली अक्षरांत संवाद देणं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण माझा प्रेक्षक कोण हे मला ठाऊक होतं. त्यामुळे ते मी पहिल्या भागापासून दिले.

हक्कांच्या बाबतीत सही माझी, जबाबदारी माझी. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १०७मध्ये समीक्षा, शिक्षण, अभ्यास यांसाठी दुसऱ्याच्या कामातला भाग वापरण्याची मुभा आहे. तिचा विचार करताना चार गोष्टी पाहतात: वापर कशासाठी, मूळ काम कोणत्या प्रकारचं, किती भाग घेतला, आणि मूळ कामाच्या बाजारावर परिणाम काय. मी प्रत्येक तुकड्यापुढे वहीत लिहून ठेवते, की हा इथे का आहे आणि इतकाच का. 'छान दिसतो म्हणून' असं लिहायची वेळ आली की तो तुकडा काढून टाकते. संगीत मात्र सगळं स्वतःचं. गावातल्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या एका गृहस्थांनी ते करून दिलं.

आता भुतांची गोष्ट, कारण त्यात सर्वांत जास्त रात्री गेल्या. मिस पॅकमॅनच्या भागात मला एक तुलना दाखवायची होती. अटारी २६०० या घरगुती यंत्रावर १९८२ साली पॅकमॅन आला, तो टॉड फ्रायने लिहिलेला. त्या यंत्राच्या चिपला हलत्या आकृत्या फार थोड्या काढता येतात. पॅकमॅनला एक आकृती दिल्यावर त्याचा पाठलाग करणाऱ्या चार भुतांसाठी एकच उरली. म्हणून तो भुतांना पाळीपाळीने पडद्यावर आणतो: या चित्रात पहिलं भूत, पुढच्यात दुसरं, मग तिसरं, मग चौथं. टीव्हीवर सेकंदाला साठ चित्रं उमटत, म्हणजे प्रत्येक भूत सेकंदाला पंधरा वेळा. जुन्या काचेच्या टीव्हीवर ते लुकलुकतं, पण चारही दिसतात. पुढे जनरल कॉम्प्युटरच्या मंडळींनी त्याच यंत्रावर मिस पॅकमॅन आणली आणि लुकलुक बरीच कमी केली. वेलँडच्या मुलांची हुशारी दाखवायला याहून चांगला पुरावा नाही, असं मला वाटत होतं.

चित्रण एडिट करून स्टेशनच्या सर्व्हरवर चाचणीला लावलं. तिथला तंत्रज्ञ शांत स्वभावाचा तरुण. बघत राहिला आणि म्हणाला, "भुतं चार ना? मला दोनच दिसतायत." खरंच दोन होती. सर्व्हरला जाणारी फाइल सेकंदाला तीस चित्रांची. साठातलं एकाआड एक चित्र गळलं, आणि गळलेल्या चित्रांत नेमकी दुसऱ्या आणि चौथ्या भुताची पाळी होती. ती दोन भुतं पडद्यावर एकदाही येत नव्हती. इतिहासाचा कार्यक्रम म्हणून मी दाखवणार होते ते चित्र १९८२ साली कुणी पाहिलेलंच नव्हतं.

मार्ग त्यानेच सुचवला. टीव्हीच्या जुन्या पद्धतीत एकेक चित्र दोन अर्ध्यांचं असतं, एक सम ओळींचं आणि एक विषम ओळींचं. फाइल तशी बनवली तर साठही क्षण जागेवर राहतात आणि चारही भुतं परत येतात. त्याशिवाय आम्ही खरा काचेचा टीव्ही स्टुडिओत आणला. कॅमेऱ्याचा शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर ठेवला, म्हणजे पडद्यावर काळा पट्टा सरकत नाही. खोलीतले दिवे मंद केले आणि काचेवरचंच चित्र टिपलं. दोन्ही शेजारी शेजारी दाखवली. फरक सांगायला अर्धं मिनिट लागलं आणि पुरलं. जुने खेळ दाखवणाऱ्या कुणालाही माझं हेच सांगणं राहील, की यंत्रातून निघालेलं चित्र आणि त्या काळच्या माणसाला दिसलेलं चित्र या दोन्हींची खातरजमा करा.

कार्यक्रमाला गुरुवारी संध्याकाळी साडेसातची वेळ मिळाली. पण खरा उपयोग झाला पुनःप्रसारणाचा. बैठक लवकर संपली की रिकाम्या वेळात आमचे भाग लावत. एकदा पाणीपट्टीची बैठक लवकर आटोपली आणि स्पेसवॉरचा भाग लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका आजींचा स्टुडिओत फोन. "काल ती जी मेनार्डची गिरणी दाखवली, तिथे मी काम करत होते. ती मुलगी म्हणते त्या यंत्रांच्या पट्ट्या आम्ही बनवायचो."

मी त्यांच्या घरी गेले. शाळा संपली तशा त्या डिजिटलमध्ये लागल्या, १९६१ साली. लांब टेबलावर बायका ओळीने बसायच्या. ट्रान्झिस्टर, रेझिस्टर बोर्डावर बसवायचे, डाग द्यायचे, पुढे सरकवायचे. यंत्र पुरं झालेलं त्यांनी लांबून पाहिलं होतं. त्याच्यावर खेळ चालतो हे त्यांना कधीच कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या कार्यक्रमात कळलं, तेही पाणीपट्टीच्या बैठकीनंतर.

त्या स्टुडिओत यायला तयार झाल्या. त्या काळातला डिजिटलचा एक बोर्ड मी एका संग्राहकाकडून मागून आणला होता. मला वाटलं होतं, त्या पुढची बाजू बघतील, जिथे सगळे भाग दिसतात. त्यांनी हातात घेतल्या घेतल्या तो उलटा केला. चष्मा वर केला, बोर्ड दिव्याकडे तिरका धरला आणि डागांच्या ओळीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग म्हणाल्या, "हा माझा नाही. मी तारेची टोकं इतकी लांब सोडत नव्हते." मी विचारलं, कुणाचा असेल? त्यांनी दोन मैत्रिणींची नावं घेतली, दोघींच्या हाताची ढब सांगितली. एक डाग जास्त देणारी, एक घाईची. पीडीपी-१ सगळे मिळून पन्नासच्या आसपासच बनले. त्यांतल्या एकावर जगातला एक अव्वल खेळ लिहिला गेला, आणि लिहिणाऱ्यांची नावं आपण सगळे सांगतो. त्या टेबलावरच्या बायकांची नावं आता निदान आमच्या गावच्या चॅनेलच्या संग्रहात आहेत. हा भाग मी एडिट करताना जवळपास कापलाच नाही. मधे त्या बराच वेळ बोर्ड बघत गप्प आहेत, तेही तसंच ठेवलं.

त्यानंतर फोन यायला लागले. सगळेच उपयोगाचे नसतात. कुणी म्हणतं माझ्या भाच्याला सगळं माहीत आहे, कुणाला जुना संगणक विकायचा असतो. पण गोदामात काम केलेले एक आजोबा मिळाले. आमच्या मराठी मंडळातले, ऐंशीच्या दशकात डिजिटलमध्ये असलेले एक काकाही मिळाले. त्यांनी गिरणीच्या आतल्या वाटा कागदावर काढून दिल्या: कुठल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून पुलाने दुसरीच्या चौथ्या मजल्यावर जाता येतं, नवखा माणूस कसा चुकतो. "पहिला आठवडा मी रोज उपाशी राहिलो, कँटीनच सापडत नव्हतं," ते म्हणाले. शेजारच्या गावांनीही भाग मागवले. दुसऱ्या गावात कार्यक्रम लावायचा तर तिथल्या रहिवाशाने तशी मागणी करावी लागते, आणि मागणी करणारे निघाले ते बहुतेक प्रेक्षकांतलेच.

नॅशुआचा भाग करताना मला राल्फ बेअरची जी गोष्ट सापडली, तिने मी हरखून गेले. बेअर जर्मनीत जन्मलेला ज्यू, १९३८ साली कुटुंबासह निसटून अमेरिकेत आला. महायुद्धानंतर शिकागोला त्याने टेलिव्हिजन इंजिनिअरिंगची पदवी घेतली. नॅशुआला सँडर्स असोसिएट्स या लष्करी इलेक्ट्रॉनिक्स बनवणाऱ्या कंपनीत असताना, १ सप्टेंबर १९६६ रोजी, घरच्या टीव्हीवर खेळ खेळता येतील ही कल्पना त्याने चार पानांत लिहून काढली. बिल हॅरिसन आणि बिल रश या सहकाऱ्यांबरोबर पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यातून एक पेटी तयार झाली. तिच्यावर लाकडी छटेचा चिकट कागद होता म्हणून तिला ब्राउन बॉक्स म्हणतात. ती आता स्मिथसोनियनकडे आहे. ओडिसी निघाला तो तिच्यातूनच. इथवर पुष्कळांना माहीत असतं.

पण या पेटीचा आधीचा एक नमुना घेऊन तो पहिल्यांदा गेला तो केबल कंपनीकडे. १९६८च्या सुरुवातीला टेलिप्रॉम्प्टर या केबल कंपनीचे ह्युबर्ट श्लाफ्ली यांना तो दाखवण्यात आला. बेत असा, की टेनिसच्या मैदानाचं चित्र केबलवरून घरी यावं आणि खेळाडूंचे ठिपके पेटीने त्यावर काढावेत. बोलणी काही काळ चालली आणि कंपनीकडे पैशाची चणचण असल्याने थांबली. हेच श्लाफ्ली टीव्हीवर बोलणाऱ्यापुढे मजकूर सरकवणाऱ्या प्रॉम्प्टर यंत्राच्या जनकांपैकी एक. मी ही हकीकत स्टुडिओत सांगितली ती प्रॉम्प्टरवर वाचत, आणि बागकामवाल्या आजोबांनी तिसरा कॅमेरा वळवून ते यंत्र प्रेक्षकांना दाखवलं. व्हिडिओ गेम जन्माला येतानाच गावोगावच्या केबलच्या दाराशी उभा होता, हे कळल्यापासून आमचा कार्यक्रम योग्य जागी आहे याची मला खात्री आहे. बेअर २०१४ साली न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टरला वारला. २०१९ साली तिथे नदीकाठच्या बागेत त्याचा पुतळा बसला. बाकावर बसलेला बेअर आहे, शेजारी जागा मोकळी. आम्ही त्या भागाचा शेवट तिथेच चित्रित केला.

मधल्या काळात गावचा केबल परवाना नूतनीकरणाला आला. आमच्याकडे तो दहा वर्षांचा असतो. लोक केबल सोडून इंटरनेटवरून टीव्ही बघू लागले तसं केबलचं उत्पन्न घटलं, आणि उत्पन्नावर ठरणारा गावाचा हिस्साही घटला. तीनऐवजी दोन चॅनेल पुरतील का, स्टुडिओचे तास कमी करावेत का, असे प्रश्न जाहीर सुनावणीत आले. मी बोलले. प्रेक्षक किती याचा आकडा माझ्याकडे नव्हता, ॲक्सेस चॅनेलचा तो कुणी मोजतही नाही. म्हणून मी संग्रहातल्या माणसांची यादी वाचून दाखवली: कुणी कुठे काम केलं, कोणत्या साली, आणि यांतले कोण आता हयात नाहीत. माझ्यानंतर मेनार्डच्या गिरणीतल्या त्या आजी उठल्या. त्या सिलेक्ट बोर्डाच्या बैठका वर्षानुवर्षं न चुकता बघत आलेल्या. त्यांनी मंडळाला सांगितलं, की मी तुमच्या सगळ्या बैठका बघते आणि मला दोन्ही हवं आहे. तिन्ही चॅनेल राहिले. स्टुडिओ आठवड्यात एक दिवस कमी उघडा असतो, ते आम्ही जमवून घेतो.

आता कोलेकोचा भाग हातात आहे. १९३२ साली कनेक्टिकटमध्ये हार्टफर्डला कनेक्टिकट लेदर कंपनी म्हणून ती सुरू झाली. जोडे दुरुस्त करणाऱ्यांना चामडं आणि लागणारं सामान पुरवायची. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, तिने कोलेकोव्हिजन काढला आणि बरोबर 'डाँकी काँग' दिला. १९८८ साली तिचं दिवाळं निघालं. कंपनीच्या वरच्या माणसांबद्दल छापील मजकूर मिळतो. मला हवे आहेत ते हार्टफर्डच्या कचेरीत किंवा न्यूयॉर्क राज्यातल्या ॲम्स्टरडॅमच्या कारखान्यात काम केलेले लोक: जोडणीचे, तपासणीचे, दुरुस्तीला आलेली यंत्रं उघडणारे. ऐंशीच्या दशकात त्या भागात आलेल्या मराठी इंजिनिअरांपैकी कुणी तिथे असेल, किंवा कुणाच्या शेजारी अशा एखाद्या आजी, आजोबा राहत असतील, तर मला जरूर कळवा. त्यांना स्टुडिओपर्यंत येणं जमत नसेल तर मी कॅमेरा घेऊन येईन, आणि काकूही यायला तयार आहेत.